वादळं कमी झाली, असं बाई म्हणाल्या

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, वेधशाळेतील सहकारी, आणि ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे त्या आमच्या बाई,

बाई आज निवृत्त होताहेत, त्यांच्याविषयी चार शब्द चांगले बोला, असं मला सांगितलं आहे. चार बोलतो, उरलेले खरे बोलतो. मला बाईंचा हेवा वाटतो. वाटायचा नव्हे, वाटतो. आत्ता टाळ्या वाजल्या तेव्हासुद्धा वाटला.

आम्ही एकाच वर्षी इथे लागलो. मी म्हणायचो, या कोरड्या मुलखात धुळीची वादळं वाढताहेत. लोकांना पटायचं, वर्तमानपत्रवाले माझ्याकडे यायचे. बाईंनी जुन्या नोंदी चाळल्या आणि म्हणाल्या, "कमी झालीत हो. वारा मंदावलाय." कुणाला आवडणार? वरिष्ठ म्हणाले, मग इशारे देणारा विभाग बंदच करू. तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा. उन्हाळ्यातली कमी झालीत. पण इथलं मोठं तळं आटल्यापासून त्याची उघडी माती थंडीत उडतेय. वादळं थोडी, पण अवेळी येतात आणि दाट असतात."

मी हसलो. थंडीत वादळ?

मग ती सकाळ उजाडली. आभाळ स्वच्छ. माझी मुलगी शाळेच्या सहलीला निघालेली, तेवढ्यात बाईंचा घरी फोन: "तिला आज पाठवू नका."

मी म्हणालो, "काही होत नाही, जाऊ दे."

बायकोने मुलीच्या हातातली पिशवी काढून घेतली. "आजवर तुमचं ऐकलं. आज त्यांचं ऐकते." तिने इतर आयांना फोन लावले. बस सुटलीच नाही. दुपारी त्याच रस्त्यावर धुळीने अंधार केला, गाड्यांवर गाड्या आदळल्या.

मुलगी घरात धडधाकट उभी होती. तिला पोटाशी धरलं, आणि अध्यक्षमहाराज, त्याच क्षणी मनात आलं, हे मला का नाही दिसलं? लेकरू वाचल्याच्या आनंदातही हा मेला हेवा जागचा हलेना!

विभाग टिकला तो बाईंमुळे. मुलगी आता हाच विषय शिकते. "मार्गदर्शक कोण?" मी आशेने विचारलं. "बाबा, तुम्हाला राग येईल," म्हणाली. आला. अजून आहे.

बाई, इतकी वर्षं मी लवकर उठायचो ते तुमच्या आधी इथे पोचावं म्हणून. एकदाही जमलं नाही. आता उद्या कशासाठी उठू?

असो. आयोजकांनी मला बोलू दिलं, धाडसच केलं. त्यांचा आभारी आहे. जीभ कुठे घसरली असेल तर सर्वांनी पोटात घालावं. बाई, तुम्ही तर घालालच. तुमच्या जागी असतो, तर मला तेही जमलं नसतं.