तलावाच्या शीनवरचं गाणं

नाई मॅडम, चहा घ्या, पण गाण्याचं नका बोलू. फोन आला तवाच समजलो मी — सीरियलचा दुसरा सीझन येऊन राह्यला म्हणजे दुसरं गाणं पायजे असन. मी देत नाई आता. एवढ्या खराब रस्त्यानं आल्या तुमी, तुमाले रिकाम्या हातानं धाडाची लाज वाटते मले, पण नाई म्हणजे नाई. — थांबा, मले बोलू द्या. तुमी कंपनीत नव्या आहा, तुमाले कोनी सांगतलं नसन. पहिले आयका, मंग तुमाले जे म्हणाचं ते म्हणा.

मी नाटकायले गाणे लिवत होतो, आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकायले. पण नाटकाचं गाणं त्या रातीपुरतं, मॅडम — पडदा पडला का संपलं. मले वाटे आपलं गाणं शिनेमात लागावं, टीव्हीत लागावं, जे लोकं आपल्याले वळखत नाई त्यायनं आयकावं. मंग काय, मोबाईलवरच रेकॉर्डिंग — त्या धानाच्या खोलीत, दाराले गोधडी टांगून. बोडीतले, मागच्या लहान तळ्यातले, बेंडूक ओरडाले लागले का थांबाचं, ते चूप झाले का पुन्हा म्हणाचं. आठ वर्स लिंका धाडल्या मुंबईले. एकजण म्हणे भाषा समजत नाई, एकजण म्हणे आवाज कच्चा हाये, बाकी तं बोललेच नाई. पण शिकलो त्याच्यातूनच — एका टायमाले एकच गाणं धाडाचं, त्याचं बिनाशब्दाचंबी बनवून ठेवाचं, अन वरतेच लिवाचं का चाल माही, शब्द माहे, कोनाचं काई उचललं नाई. कोन शिकवणार इथी? आपलं आपणच.

अंकुशभाऊ माहा मोठा भाऊ. आमी दोघंबी तलावावरचे — बापबी तेच करे, आजाबी. त्या दिवशी हवा सुटली, जाळं खाली कायले तरी अडकलं, अन दोघंबी एकाच बाजूले वाकलो आमी. डोंगा पलटला. मी निंगालो, तो नाई निंगाला. जाळं त्याच्या पायाले गुंडाळलं होतं. मी हात धरला होता त्याचा — घट्ट धरला होता — मंग तो हात नव्हता माह्या हातात. दुसऱ्या दिवशी काढला लोकायनं. तवा कोनी काई म्हणलं नाई बरं, मॅडम. सारं गाव रडलं. मले जवळ घेऊन घेऊन रडले लोकं.

वयनी बोलेच ना त्याच्यानंतर. रिंकूवयनी, त्याची बायको. कामं करे, जेवे, पण शब्द नाई. पहिले किती गाये ती. धानाचा रोवणा असला का बांधीत चिखलात उभी राहून तिनं पहिली ओळ उचलाची अन बाकीच्या बायायनं झेलाची. मंग मी गाणं केलं. तिच्यापुढं ठेवलं, म्हणलं वयनी, हे म्हणून पाहाल का. तिले वाचता येते. वाचलं तिनं, मी चाल गुणगुणून दाखवली, अन ती गायली. ‘जाळं वाळलं, डोंगा वाळला, तू एकटाच ओला कुठी राह्यला.’ एकाच दमात गायली, मोबाईल चालू होता. दुसऱ्यांदा म्हणाले लावाची हिंमत नाई झाली माही. ते तुमी जे आयकलं, ते तेच हाये — पहिल्याच खेपेचं.

तुमच्या कंपनीनं तसंच गाणं मांगतलं होतं ना. पाणी पायजे, बाईचा आवाज पायजे, नवरा गेल्याचं दुःख पायजे. मी इचारलं, शीन काय हाये? तं म्हणे नवरा तलावात बुडला हाये अन बायको काठावर बसली हाये. काई खोटं नाई सांगतलं त्यायनं. बुडवला कोनं, तेवढं नाई सांगतलं. अन मी तं एका गोष्टीवरच अडून बसलो होतो — नाव पायजे म्हणलं, पडद्यावर दोघायचंबी नाव पायजे, नाईतर सही करत नाई. मानलं त्यायनं. मीच हट्टानं टाकाले लावलं ते.

गाणं लागाचं होतं त्या दिवशी शेजारच्या सुकलूच्या आंगणात टीव्ही काढला, सारं गाव जमलं. माही माय, सुगंधाबाई, सामोर बसली. वयनी माह्या मायच्या मागं. तुमी पाह्यलं असनच — तो देर अन ती भावजय, दोघं मिळून तिच्या नवऱ्याले पाण्यात दाबून धरतात. मंग काठावर येऊन बसतात. तो तिच्या पदरानं आपले हात पुसते. अन तिथी गाणं सुरू होते. रिंकूवयनीचा आवाज. सारा शीनभर तोच आवाज, दुसरं काई नाई, अन खाली आमच्या दोघायचे नावं, एकाखाली एक.  सुकलूनं उठून आवाज कमी केला, बस. घरी आल्यावर माय म्हणे, ‘हे गाणं तुमी दोघायनंच केलं ना?’ एवढंच. त्याच्यानंतर ती वयनीच्या हातचं पाणी पेली नाई.

लोकं तोंडावर म्हणत नाई काई. पण माह्यासंगं डोंग्यात बसाले कोनी तयार होत नव्हतं. बोअरिंगवर वयनी गेली का बाया आपापल्या घागरी उचलत. मी कंपनीले फोन केला, म्हणलं ते गाणं काढा तिथून, दुसरं देतो, फुकट देतो. तो साहेब चांगला बोलला, नाई म्हणत नाई मी. म्हणे कागदावर सही झाली हाये, अन सुरुवातीले पाटी हाये ना, का हे सारं काल्पनिक हाये. आता तुमीच सांगा, ती पाटी आमच्या गावात कोन वाचते? नाचगाणं सुरू होईपर्यंत लोकं बसाले जागाच पाहून राह्यले असतात.

माय बाजाराले गेली होती. रिंकू घरामागं सांदवाडीत भांडे घासून राह्यली होती — हाव, वयनी, एकच झालं ते. मी जाऊन राह्यलो होतो तिकडून, तिनं आवाज दिला. ‘भाऊजी,’ म्हणे, ‘ही चाल मी पहिलेबी आयकली हाये. तुमी जाळं इणताना गुणगुणत होते. तवा ते जित्ते होते.’

  खरी होती ना ती. चाल जुनीच होती. पहिले त्याच्यात तलाव नव्हता, मरण नव्हतं — बांधीतला चिखल होता, अन चिखलात उभी राहून गाणारी एक बाई होती. भाऊ गेल्यावर शब्द बदलले मी, चाल तीच ठेवली. पाप नव्हतं मनात, मॅडम. माह्या भावाची बायको ती, कधी नजर वर करून बोललो नाई. एवढंच का ती गाये तवा मी बांधावर थांबून राहो. पण सुराले लय पक्की ती — शब्दाले फसली असती, चालीले कशी फसणार? मी हात सोडला का, असं इचारलं असतं तिनं तं मी सांगतलं असतं. तिनं ते इचारलंच नाई. माह्या तोंडाकडं पाह्यलं, मंग भांडे उलटे करून ठेवले, हात पुसले, अन दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. भद्रावतीकडं. लोकायले काय, आता पक्कंच झालं — काई नसतं तं गेली कायले असती?

म्हणून म्हणतो, गाणं नाई. अन तिच्या आवाजाशिवाय तुमाले ते तसं लागणारबी नाई, अन ती आता गाणार —

काय म्हणता?

तिकडूनच आल्या? भेटल्या तिले?

हाव म्हणली. गाते म्हणली. — नाई, मले बरंच वाटून राह्यलं, बोला तुमी. कशी हाये? ...बरं. बरं. मंग माह्याकडं कायले आल्या? नवीन गाण्याले शब्द लागन, चाल लागन, मी तं —

कोनाचंबी चालन म्हणे.

माहं सोडून.

असंच म्हणली का? ह्याच शब्दात? ...अन मले आधी जाऊन सांगा म्हणे. टीव्हीवरून मालूम नाई पडाले पायजे. हाव. तेवढं तिचं बरोबर हाये. तिच्या जागी मी असतो तं मीबी असंच — नाई, माहं सोडा.

तिले सांगा, माही काई हरकत नाई. दुसरं काई सांगू नका. मी इचारलं म्हणूनबी सांगू नका.

तुमी निंगा आता. अंधाराच्या आत जंगलाच्या बाहेर पडा, डायव्हरले सांगा गाडी कुठी थांबवू नको म्हणा. जा.