हिची हरवलेली कुडी

आपल्या लोकांची मदत थांबवणं दुकान चालवण्यापेक्षा अवघड आहे, सांगतो. आमच्या हिला जिओकॅशिंगचं वेड. फोनवर खुणा बघत कुणीतरी लपवलेली डबी शोधायची, पण आजूबाजूला कळू न देता. इथे इंग्लंडात, आपल्या लेस्टरात एक मोठं पार्क आहे ना, तिथे ही झुडपात वाकलेली. फिरायला आलेल्या एका मराठी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अहो, काय हरवलं?"

मी पटकन म्हणालो, "हिची सोन्याची कुडी."

झालं. पाच मिनिटांत आठ जण गवतात ओणवे. "राहू द्या हो," म्हटलं, तर बाई म्हणतात, "सोनं असं सोडतात का?"

शेवटी वैतागून हिने कानातली एक कुडी हळूच काढून गवतात टाकली, म्हणजे कुणाला तरी सापडेल आणि मंडळी घरी जातील.

मंडळी दमून घरी गेली. आज तिसरा रविवार, आम्ही दोघं अजून कुडी शोधतोय.