टॅम्सिनची दोन ठिपक्यांची फुलं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष मिसेस ड्रेक, त्यांच्या शेजारी बसलेले रेव्हरंड ओकली, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या म्युरिअल पेनफोल्ड, आणि नेदरकोम बागकाम मंडळाच्या माझ्या सभासद बंधुभगिनींनो,

हॉलचा हीटर याही फेब्रुवारीत रुसलेला आहे, त्याबद्दल मंडळातर्फे दिलगिरी. सूप गरम आहे. रेव्हरंडसाहेबांनी दुसरा वाडगा घेतला, म्हणजे चांगलंही असणार.

म्युरिअल परवा लीड्सला मुलाकडे राहायला जातायत. तिथे बाग नाही, तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे. चाळीस वर्षं मी त्यांचा शेजारी. त्यांच्याबद्दल गोड बोलणं काय कठीण होतं? पण आज मला दुसरंच सांगायचंय.

नव्या सभासदांसाठी थोडं मागचं सांगतो. टॅम्सिन ही म्युरिअलची मुलगी. नऊ वर्षांची असताना तिला कुंपणाखाली स्नोड्रॉपचं एक पांढरं फूल सापडलं. साध्या स्नोड्रॉपच्या आतल्या पाकळीवर हिरवी कमान असते. याच्या पाकळीवर दोन सुटे ठिपके होते. टॅम्सिन धावत आली नि म्हणाली, "आई, याला डोळे आहेत." एकोणिसाव्या वर्षी ती गेली. म्युरिअलनी त्या फुलाला तिचं नाव दिलं.

आपला रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. दुर्मीळ झाड हाती आलं की त्याचा जमिनीतला एक कांदा आधी दुसऱ्याच्या बागेत लावायचा, म्हणजे आपलं मेलं तर मागून आणता येतं. म्युरिअलनी तो कांदा टेकडीपलीकडच्या एडगर क्विलला दिला होता.

मग तो ओला हिवाळा आला आणि बुरशीनं टॅम्सिनचा अख्खा पुंजका कुजला. दोन वर्षं नावाच्या पाटीपाशी नुसती माती होती; एखादा कांदा वाचला असेल म्हणून म्युरिअल वाट पाहत राहिल्या. तिसऱ्या फेब्रुवारीत तिथे एक फूल आलं. म्युरिअलचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना वाकता येईना. हे फूल तर वीतभर उंच आणि तोंड खाली घालून उभं. आपण मंडळी त्याच्यासाठी चिखलात गुडघे टेकतो, चर्चमध्ये टेकत नाही. रेव्हरंडसाहेबांची ही जुनी तक्रार आहे. म्युरिअलनी मला हाक मारली. "आल्बन, बघ रे. तीच आहे ना?"

मी गुडघ्यांवर बसलो आणि बोटानं फूल उचललं. आत साधी कमान होती. कुठलंतरी वाऱ्यावरचं बी पाटीशेजारी रुजलं होतं. मी वर पाहिलं. म्युरिअल काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या, आणि मी म्हणालो, "तीच आहे."

मंडळाच्या फुलांच्या स्पर्धांचा परीक्षक मी. माझ्या शब्दावर मंडळात कोण शंका घेणार? त्या पुंजक्यातलं फूल म्युरिअल कुणाला खुडू देत नसत. अकरा वर्षं दर हिवाळ्यात त्या पाटीपाशी उभ्या राहून त्याच्याशी बोलायच्या. मला कुंपणापलीकडून ऐकू यायचं. मी आत जाऊन केटली लावायचो.

जाण्याआधी प्रत्येकाला टॅम्सिनचा एक कांदा द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. काल आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात चाळीस कुंड्या भरल्या. टेबलावर ठेवल्यावर फुलं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. त्यांनी एक फूल बोटानं वर केलं, मग दुसरं, मग तिसरं.

"आल्बन," त्या म्हणाल्या, "डोळे कुठे गेले हिचे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप उचलला. मग विचारलं, "तेव्हा एडगर होता का रे?"

"होता. पुढे तीन वर्षं होता."

"आणि त्याच्याकडची?"

"होती. मी पाहिली होती. आता तिथे मोटारी उभ्या राहतात."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग मी गेले असते, आल्बन. काठी टेकत, रांगत, कशीही गेले असते."

मी त्यांना दुःख होऊ नये म्हणून खोटं बोललो, आणि त्यांची मुलगी दुसऱ्यांदा गेली ती माझ्यामुळे. याहून मऊ शब्द मला सापडला नाही.

तुमच्या पुढ्यातल्या कुंड्यांवर नाव नाही. आज सकाळी त्यांनी स्वतः बसून चाळीसच्या चाळीस पाट्या पुसल्या. मी म्हणालो, "म्युरिअल, आजचं भाषण दुसऱ्या कुणाला सांगू." त्या म्हणाल्या, "नाही. तूच करायचंस. आणि काल मला सांगितलंस ते सगळ्यांना सांग." फूल साधं आहे, पण अकरा वर्षं त्यानं म्युरिअलचं बोलणं ऐकलंय. पानं हिरवी आहेत तोवर लावा.

अध्यक्षांचे, सूप करणाऱ्या भगिनींचे आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलंत म्हणून आपले आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. त्या खोट्याची क्षमा मी म्युरिअलकडे मागितलेली नाही, आणि त्यांनी दिलेलीही नाही. परवा त्यांना स्टेशनवर सोडायला गाडी कोण आणणार, हे मात्र त्यांनी सांगून ठेवलंय. मी आठ वाजता दारात उभा असेन.