लोखंड्या आणि पाचवी डीव्हीडी

दूध तापवून झालं होतं, धुतलेल्या चादरी गॅलरीत वाळत घातल्या होत्या आणि मी स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीची धूळ पुसत होते, तेव्हा हे भाजी घेऊन आले. एरवी चपला वाजवत येणारा माणूस त्या सकाळी मांजरासारखा आत आला आणि पिशवी माझ्या हातात न देता स्वतःच स्वयंपाकघरात घेऊन गेला. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. मी स्टुलावरून उतरले आणि विचारलं, भाजीखाली काय आहे?

थांबते. सूत्रसंचालक मघापासून हात हलवताहेत. मला वाटलं, पंखा वाढवायला सांगताहेत. आधी संबोधन करायचं असतं, ते राहिलं.

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. व्यासपीठावरचे व्यापारी मंडळाचे सचिव. आपले सलूनवाले, ज्यांनी आजच्या पाहुण्यांसाठी स्वतःच्या दुकानातल्या फिरत्या खुर्च्या दिल्या, त्यामुळे बाईंना सगळ्या सभागृहाकडे सारखं लक्ष देता येतंय. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे डीव्हीडीचं दुकान बंद करून उद्यापासून घरी बसणारे आमचे दुकानदार भावजी. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी, ज्यांचा खरं तर उद्या सत्कार करायला हवा. आणि इथे जमलेल्या सर्व बंधू-भगिनींनो.

तर, भाजीखाली एक खोका होता. त्यावर एका रोबोटचं चित्र होतं. चौकोनी डोकं, छातीत दिवा, हात इतके लांब की उभ्या उभ्या पायांची बोटं मोजावीत. यांनी लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, खिडकीबाहेर उभं राहून ही कार्टून मालिका बघितली होती. मध्येच शेजारीण पडदा ओढून घ्यायची, म्हणून ती तुकड्यातुकड्यांनीच बघून झाली होती. आता भावजींच्या दुकानात सगळी मालिका एका सेटमध्ये आली होती. खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'संपूर्ण' असं छापलेलं होतं. हा शब्द लक्षात ठेवा. याने आमच्या घरात फार गोंधळ घातला.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात आणि दोरांत काम करायचं आणि संध्याकाळी हात घासून धुऊन टीव्हीसमोर बसायचं. रोबोटचं खरं नाव परदेशी आणि अवघड होतं. आमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून लोखंड्या. मी सुरुवातीला नाक मुरडलं. मग भाजी निवडता निवडता एक डोळा तिकडे ठेवला. चौथी डीव्हीडी संपताना लोखंड्या वादळात जहाज वाचवतो आणि स्वतः समुद्रात पडतो. छातीतला दिवा विझतो. किनाऱ्यावर माणसं रडतात. मी म्हटलं, लावा लवकर पुढची.

पाचवीचा खण रिकामा होता.

आम्ही गादीखालीसुद्धा शोधली. शेवटी सहावी लावली. तिच्यात लोखंड्या कोरडा ठणठणीत, बाजारातून चालला होता. बाहेर कसा आला, त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही.

दुसऱ्या दिवशी हे दुकानात गेले. भावजींचा नियम तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. दिव्याचा दुकानदार जसा बल्ब लावून दाखवतो, तशी त्यांच्या दुकानातली प्रत्येक डीव्हीडी आधी काउंटरवरच्या प्लेयरवर चालवून बघितली जायची आणि मगच गिऱ्हाइकाला मिळायची. त्यामुळे चूक दुकानाची असणं शक्यच नव्हतं. दोघांनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने नम्रपणे कळवलं की आमच्याकडून सेट पूर्ण गेला आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात दुधात पाणी निघालं तरी त्या कंपनीचा उद्धार व्हायचा.

पुढे भावजींनी दुसरा सेट मागवून दिला. त्यावर 'विशेष संपूर्ण' असं होतं. मी विचारलं, आधीचा संपूर्ण नव्हता का? भावजी म्हणाले, "होता ना वहिनी. हा जरा जास्त संपूर्ण आहे." तो आमच्या प्लेयरवर चालेना. म्हणे दुसऱ्या खंडातल्या देशांसाठी बनवलेला आहे. वादळात जहाज उचलणाऱ्या रोबोटला आमच्या बैठकीच्या खोलीत यायला परवानगी नव्हती. तो सेटही कपाटात गेला. मग 'अंतिम संपूर्ण' आला, तो अक्षरशः अंतिम होता. त्यात फक्त शेवटचे भाग होते.

इथे भावजींची एक युक्ती मला आज जाहीर करायची आहे. दरवेळी सेटबरोबर ते माझ्यासाठी एक जुनं पुस्तक पाठवायचे. "वहिनींना द्या, म्हणजे नव्या खोक्याबद्दल बोलायच्या नाहीत." शाळा माझी लवकर सुटली होती. पहिलं पुस्तक मी बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं. दुसरं मनात वाचलं. तिसऱ्याच्या वेळी मीच यांना विचारलं, या महिन्यात लोखंड्याचं काही नवीन निघालंय का? आज मी कागदावरून न अडखळता बोलते आहे, ती सगळी त्या लाचेची कृपा आहे. लाच घेणाऱ्याने देणाऱ्याच्या सत्काराला बोलावं की नाही, ते अध्यक्षबाईंनी ठरवावं.

आमची मुलगी म्हणायची, बाबा, फोनवर सगळे भाग आहेत, आत्ता दाखवते. तिने एकदा लावलाही. हे कानांवर हात ठेवून गॅलरीत गेले आणि तिथून ओरडले, "बंद केलास का?" खिडकीतून अर्धवट बघणं आयुष्यात एकदा झालं, आता बघायचं तर आपल्या सेटमधून, आपल्या टीव्हीवर, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि तोवर? तोवर लोखंड्या समुद्रातून कसा निघाला, ते हे स्वतः सांगायचे. दरवेळी वेगळं. कधी किनाऱ्यावर प्रचंड कप्पी बसवायचे, कधी विमानातून लोखंडी दोर सोडायचे, एकदा दहा मजली इमारत उभी करून तिच्या गच्चीवर लिफ्टची मोटर बसवली होती. शेजारपाजारचे ऐकायला यायचे. मी म्हणायचे, खारं पाणी आहे, दोर गंजेल. मग त्यावर चर्चा व्हायची आणि पोळ्या थंड व्हायच्या.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. दवाखान्यातही गोष्ट चालूच होती. नर्सबाईंना त्यात गोडी लागली होती. शेवटच्या दिवशी सलाइन बदलताना त्यांनी विचारलं, "काय काका, निघाला का तुमचा लोखंड्या बाहेर?" हे म्हणाले, "काम चालू आहे."

लिफ्ट बंद असली की हे दारावर जी पाटी लावायचे, तिच्यावर तेच लिहिलेलं असायचं. काम चालू आहे. ती पाटी हे गेल्यावरही आमच्या दारामागे टांगलेली होती. 

आता मागच्या रविवारचं सांगते. दुकान रिकामं करायला घेतलं, हे तुम्ही पाहिलंच आहे. दुकानात वरच्या फळीवर एक बंद पडलेला प्लेयर होता आणि त्याच्यावर टेबलफॅन ठेवलेला असायचा. हे दर शनिवारी नेमके त्या फॅनखालच्या स्टुलावर बसायचे. यांनी एकदा विचारलंही होतं, तो प्लेयर उघडून बघू का, काही सुटलं असेल तर बसवून देतो. भावजी म्हणाले होते, राहू दे रे, मेलेलं यंत्र आहे, फॅनला उंची मिळते. भंगारात देताना भंगारवाल्याने तो उघडला. आत पाचवी डीव्हीडी होती.

ती तपासायला घातली असताना वीज गेली होती. दुकानातल्या अंधारात भावजींनी चाचपडत खोका बंद केला आणि यांना दिला. वीज आली ती असा झटका देऊन की प्लेयर पुन्हा चालू झालाच नाही. तपासली म्हणूनच हरवली ती. कंपनी खरं बोलत होती.

भावजी ती रुमालात गुंडाळून घेऊन आले. खुर्चीच्या कडेवर बसले. चहा तसाच ठेवला. म्हणाले, "वहिनी, तो माझ्याकडे जे मागत होता, ते त्याच्याच डोक्यावर होतं. मी गुरुवारी सत्काराला येत नाही. लोक माझ्या तपासण्याचं कौतुक करणार आणि मी कुठे बघू?"

मी चकती घेऊन आत गेले. त्यांना वाटलं, मी रागावले. ते चहा तसाच टाकून निघून गेले, आणि त्या दिवशी ते जेवलेही नाहीत, असं मला नंतर त्यांच्या पत्नींकडून कळलं. भावजी, राग नव्हता हो. यांनी सांगितलेल्या साऱ्या गोष्टी इतकी वर्षं खऱ्या होऊ शकत होत्या. हातात ती चकती आली आणि वाटलं, आता दारामागची पाटी उतरवायची वेळ आली. त्यासाठी मला एक रात्र हवी होती, एवढंच.

अध्यक्षबाई आता फिरता फिरता माझ्याकडे तोंड करून थांबल्या आहेत, त्याचा अर्थ मला समजतो. ज्यांनी मला बोलायला उभं केलं त्यांचे, खुर्च्यांचे, चहावाल्यांचे आणि हसू आवरून ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलायची सवय नाही. कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला कमीजास्त लागलं असेल, तर घरातलीच बाई बोलली असं समजून पोटात घाला. भावजी, दुकानाने आम्हाला पुष्कळ दिलं. आणि पहिल्या रांगेतल्या वहिनी, भावजींना घरातलं काही तपासायला देऊ नका.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं, ते सांगते आणि बसते.

सकाळची कामं उरकली. पाचवी डीव्हीडी लावली. तिच्यात लोखंड्याला कोणीही वर ओढत नाही. दोर नाही, कप्पी नाही. तो समुद्राच्या तळावर उठून उभा राहतो आणि चालत चालत किनाऱ्याला येतो. आयुष्यभर वर-खाली करणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. मी ती मऊ फडक्याने पुसली, तिच्या खणात बसवली, खोका कपाटात ठेवला. मग दुकानात फोन लावला आणि म्हटलं, भावजी, सेट संपूर्ण झाला. गुरुवारी या.