खिडकीतल्या गप्पा

हॅलो?

हां, बोला… अहो, पेशंट खुर्चीत आहे, तोंड उघडं ठेवून. हो, रविवार असला तरी. खेड्यावरची माणसं रविवारीच येतात, तुम्हाला माहीत नाही का… काय? इतकं हळू बोलायलात, काही कळेना. तुम्ही तर आत्ता स्टेजवर पाहिजे होतात ना?

बाहेर आलात? बाहेर म्हणजे कुठं?

बाथरूममध्ये?

थांबा. थांबा जरा. गोदावरीबाई, सिद्रामप्पा काकांना चूळ भरायला पाणी द्या, मी आलेच. काका, दोन मिनिटं हं, नांदेडहून डॉक्टरसाहेबांचा फोन आहे… हो, हो, सांगते तुमचा नमस्कार. आणि लिंबाजी मिस्त्री, तुम्ही घ्या खिडकीचं माप, मला अडचण नाही. स्टूल तेवढं सांभाळा, एक पाय लंगडा आहे त्याचा.

हां. आले मागच्या खोलीत. दार लावलंय.

आता बोल यज्ञेश, काय झालं?

अरे, अहो-जाहो पेशंटसमोर. इथं कोण आहे ऐकायला?… बोल लवकर.

कसला रंग?… दाताचा. जुळत नाही. कुणाच्या दाताचा? तू तर नुसतं भाषण द्यायला गेलास ना? फोटो दाखवायचे, डॉक्टरांना चार गोष्टी शिकवायच्या, जेवायचं आणि संध्याकाळी परत. असंच म्हणाला होतास.

ऐनवेळी म्हणाले करून दाखवा? जिवंत माणसावर?… मग नाही म्हणायचं होतंस की.

हो. खरंय. इतके फोटो दाखवल्यावर नाही कसं म्हणणार.

माहीत आहे मला कोणते फोटो. पुनमनं पाठवले सकाळीच. अरे आपली पुनम, कॉलेजातली! तिसऱ्या रांगेत बसलीय, तुला दिसली नाही? तिनं एकेक स्लाइडचा फोटो काढून मला पाठवला. वर लिहिलंय, 'तुझ्या नवऱ्याचा काय हात आहे गं! नशीबवान आहेस.'

नाही, मी तिला काही बोलले नाही. काय बोलणार? अंगठा पाठवला.

ऐक ना… नाही, आता तू ऐक. चाकूरच्या मास्तरीणबाईंच्या दातातली फट. उदगीरच्या अडतवाल्यांची धाकटी, ती पायरीवरून पडलेली. किल्लारीचा जीपवाला, स्टेअरिंगवर दात फुटलेला. सगळे ओळखले मी. मला चेहरा लागत नाही रे, नुसत्या दातावरून माणूस ओळखते मी, माझ्या हातचे आहेत ते. आणि ओठ बाजूला धरणारा तो अंगठा? निळा मोजा, सगळ्यात लहान साइजचा. तुझी करंगळी तरी जाईल का त्यात? एवढे डॉक्टर बसलेत समोर, एकाच्याही लक्षात आलं नाही!

'आपलं' काम?… हो का. दवाखान्याचं काम एकच असतं, कुणी केलं काय अन् कुणी केलं काय. बरं. मग खाली नाव कुणाचं आहे? आपलं आहे का तुझं?

नाही नाही, मी आहे की त्यात. शेवटच्या स्लाइडवर. 'माझ्या पत्नीचे आभार, उशिरापर्यंत डबा घेऊन वाट बघितल्याबद्दल.' डबा! अरे, डबा तरी मी कधी केला? डबा तुझी आई देते!

हो… हो, माहीत आहे पोरगी खुर्चीत थांबलीय. तिच्यासाठीच बोलायलेय. नाहीतर पहिल्याच वाक्याला फोन ठेवला असता.

कोण आहे ती?… शिवांगी. वय?… वीस. कबड्डीत पुढचा दात अर्धा तुटला. आणि फुकटात करून देतो म्हणून कोर्सवाल्यांनी आणून बसवली. बरं. आता मला सांग, रंग कधी बघितलास?

कसा नाही, कधी. रबराचा पडदा लावायच्या आधी का नंतर?

नंतर. म्हणजे ओठ, जीभ सगळं झाकून, वारा मारून दात खडखडीत वाळवला आणि मग त्या स्टेजवरच्या दिव्यात रंग जुळवायची पट्टी धरलीस. वा!

अरे, वाळलेला दात पांढरा दिसतो! ओली माती आणि वाळली माती एका रंगाची असते का? परत लाळ लागली की तो आपल्या रंगावर येतो. तू भरायचा मसाला वाळक्या दाताला जुळवलास, पडदा काढल्यावर तो खडूसारखा दिसणारच… हो ना? दिसलं ना? मोठ्या स्क्रीनवर दिसलं सगळ्यांना?

मग काढलंस. आणि परत पडदा लावलास, परत वाळवलंस, आणि अंदाजानं गडद भरलंस. आता राखेसारखं दिसतंय… कोण हसलं? मागच्या रांगेतलं? हसू दे. आणि दिव्याला दोष देऊ नको. नाचता येईना अंगण वाकडं, लोक हसणारच.

मी कधी बघते रंग?

हे तू आज विचारतोस, यज्ञेश? बाथरूममधून?

आठव की. पेशंट आला की मी आधी काय करते?… त्याच्याही आधी. खुर्चीत बसवायच्या आधी… हां. तेच. खिडकीतल्या गप्पा.

तुझाच शब्द आहे. 'खुर्ची रिकामी पडलीय आणि आमच्या बाईसाहेब खिडकीत गप्पा मारायलेत.' पेशंटसमोर म्हणालास. आईंसमोर म्हणालास. मागच्या महिन्यात तर औषध कंपनीच्या माणसासमोर म्हणालास, तो दात काढून हसला. मी मास्तरीणबाईंना विचारत होते शाळा किती लांब आहे, जाता कशा, पोरं ऐकतात का, आणि बघत होते त्यांचे दात. ओले असताना, उन्हात, हसताना. खुर्चीत बसलं की माणूस तोंड आवळतं रे, तिथं कुणी हसत नाही. माझं अर्धं काम खिडकीत झालेलं असतं.

नाही, ते फोटोत नसतं. फोटो खुर्चीतले असतात.

सांगितलं नाही कसं? कितीदा सांगायला आले. 'मुग्धा, तू फार बोलतेस.' झालं, संपलं.

आणि त्याच खिडकीचं आज काय चाललंय माहीत आहे ना? तूच बोलावलंस ना लिंबाजींना? फळी ठोकून बुजवून टाकायची आणि त्यावर तुझी सर्टिफिकेटं लावायची. पुण्याचं, हैदराबादचं, ते गोव्याचं. आता नांदेडचं पण लाव. कितीदा म्हणाले, एक कोर्स मला करू दे, एक. 'दोघं गेलो तर दवाखाना कोण बघणार?' बघितला की मी दवाखाना! तू कोर्सहून बॅग आणायचास, त्यातलं पुस्तक मी वाचायचे आणि त्या बॅगेत आई भाजी आणायच्या. तुझ्या वाट्याला काय आलं? भिंतीवर लावायचा कागद.

काय करतोस म्हणालास? तिसऱ्यांदा काढतोस?

खबरदार! हात लावू नको… ऐक, ऐक ना माझं. काढताना वारा मारलास तेव्हा ती कळवळली का?… डोळे घट्ट मिटले? मग ते सांगणंच होतं तिचं! तोंडात रबर घालून ठेवलंस, ती बोलणार कशी? दर वेळी भरलेलं खरवडताना तिचा चांगला दातही थोडा थोडा जातो. नस जवळ आलीय. आता परत घासलास तर वीस वर्षांच्या पोरीचा जिवंत दात मारशील. मग नसेचं काम, मग वर टोपी, जन्माचं लचांड तिच्या मागं. फुकटात दात देतो म्हणून बोलावलं ना रे तिला? का असलेला घ्यायला बोलावलं?

नाही. कानात हेडफोन घालून मी इथून बोलणार आणि तिथं तू करणार? न्हाई जमायचं. भाजीला फोडणी कशी द्यायची ते नाही विचारायलास तू.

मला काय पाहिजे?… काही नको. आत जा, माइक घे आणि म्हण, हे फोटो माझ्या बायकोच्या कामाचे आहेत. ती फोनवर आहे, ती काय सांगते ते ऐकू. संपलं. एवढंच म्हण.

नाक कापलं जाईल. हो. आणि तिचा दात?

…मी भांडत नाही. खरंच भांडत नाही. एकदा माझं नाव घे म्हणायलेय, चार लोकांत. तेवढ्यावर सगळं गिळते मी, डबासुद्धा.

म्हणतोस? नक्की?… बरं. चल, जा आत. फोन ठेवू नको, मी आहे.

आले गोदावरीबाई, आलेच. काकांना म्हणावं, घरचाच फोन आहे.

हं… ऐकायलेय. खुर्च्यांचा आवाज येतोय. हं, माइक लागला… घे, बोल…

काय?

काय म्हणालास आत्ता?

'आमचे सर आहेत लाइनवर'?

यज्ञेश… सर?

टाळ्या वाजल्या की. सरांना टाळ्या पडल्या, ऐकू आल्या मला इथपर्यंत… नाही, रागावले नाही. हसायलेय. रडत नाही म्हटलं ना! लागलं मला. लई लागलं. सकाळी ते डब्याचं वाचलं तेव्हा इतकं नव्हतं लागलं. दोन वाक्यं म्हणायची होती रे, फार लांब नव्हती.

राहू दे. घरी येऊन काही समजावू नको. 'ऐनवेळी सुचलं नाही' तर मुळीच म्हणू नको. सर बरोबर सुचले तुला.

बरं. सर तर सर. आता सरांचं ऐकावं लागतंय बघ, सगळ्यांसमोर. ते रबर काढ तिच्या तोंडातलं. काढलंस?… तिला पाणी दे, चूळ भरू दे. तोंडावरचा दिवा बंद कर. आता फोन तिच्या हातात दे.

का म्हणजे? सरांना पेशंटशी बोलायचंय, असं सांग. तुझ्या सरांना तूच नाही कसं म्हणशील? दे.

हॅलो? शिवांगी का?

हो गं, बाईच आहे मी… त्यांना सर वाटायलेत, वाटू दे. मी डॉक्टर मुग्धा, लातूरहून बोलायलेय. घाबरू नको बाळा. आधी सांग, दुखतंय का?… वारं लागल्यावर. आणि आत्ता चूळ भरलीस तेव्हा?… कळ येऊन जाते का तशीच राहते?

येऊन जाते. मग दात जिवंत आहे तुझा. खरंच, आहे जिवंत.

कबड्डी कुठं खेळतीस?… कॉलेजकडून. काय लागलं गं, कोपर?… अगं बाई. आणि मग? तू बाहेर बसलीस का?

पाय सोडलाच नाहीस त्या चढाईवालीचा? दात तुटला, तोंडात रक्त, आणि तशीच धरून ठेवलीस तिला? पॉइंट मिळाला का मग?… मिळाला! शाब्बास!

हसलीस का आत्ता? तोंडावर हात धरून हसायलीस ना?… मला कसं कळलं काय, सगळेच तसं हसतात आधी. काढ तो हात. उद्या मला तुझं हसू बिनहाताचं बघायचंय.

हो, उद्या. लातूरला ये. आज त्या दाताला कुणाला हात लावू द्यायचा नाही. कुणालाच म्हणजे कुणालाच, कितीही मोठा डॉक्टर असू दे. गार पाणी पिऊ नको, समोरच्या दातानं काही चावू नको, आणि सकाळी ऊन आल्यावर ये. आईला घेऊन ये पाहिजे तर.

दवाखाना स्टँडजवळच आहे. पाटीवर नाव त्यांचंच मोठं आहे, माझं खाली बारीक आहे. ते नको शोधत बसू, तू… एक मिनिट हं, थांब, दार उघडते.

लिंबाजी! ओ लिंबाजी मिस्त्री! फळी खाली ठेवा. नाही, खिळा मारू नका. काही बुजवायचं नाही… साहेबांना काय सांगायचं ते मी सांगते. तुमची आजची मजुरी घ्या आणि चहा पिऊन जा. आणि ती खिडकी उघडा पूर्ण, ते दुसरं दार अडकतं, जरा जोरात ढकला. हां.

आहेस ना शिवांगी?… हं. रस्त्यावरून वर बघितलंस की एक उघडी खिडकी दिसेल. मी तिथंच उभी असेन. आधी तिथंच बसू, गप्पा मारू. कबड्डीचं सगळं पहिल्यापासून सांगायचं मला. खुर्चीचं मग बघू.

आता ऊठ. ऊठ त्या खुर्चीतून.

सगळे बघायलेत?… बघू दे. रिकामी खुर्ची पण बघू दे त्यांना जरा. ते डॉक्टर काय करायलेत?… हातानं बस म्हणायलेत? तू बसू नको. तुझा दात आहे, तो काही त्यांच्या कोर्सचा नाही. माझ्या वहीत तुझं नाव लागलं आता, तू माझी पेशंट.

कुठं चाललीस म्हणून माइकवर विचारायलेत? मग माइकवरच सांग की. म्हणावं, सरांनी बोलावलंय.

कोणते सर, असं विचारलं तर?

मग खरं सांग, बाळा. पाय धरलास तर सोडत नाहीस तू, तुला कुणाची भीती आहे? चल, ठेवते मी. माझा पेशंट खुर्चीत आहे.