कमानीला लावलेली आठ झाडं

हॅलो?

हो, कोकिळाच बोलतेय... शाळेत. म्हणजे शाळेच्या मागे, पोरांच्या केळीत... हो शोभा, साडेआठलाच आले निंबोल्याहून. ठिबकची नळी चोकअप झालेली, म्हटलं अकराला मंडळाचा कार्यक्रम, त्याआधी बघून घ्यावी... नाही, तयार नाही झाले अजून. पिशवीत आहे साडी...

अगं ऐक ना... पाहुण्यांच्या नाश्त्याचं नंतर बोलू. आधी मला एक सांग. इथं झाडं होती ना?

केळीची, शोभा. बारा. बारा पोरं, बारा झाडं. काल संध्याकाळी शेतीच्या अरविंद सरांनी मला फोटो पाठवला, त्यात बारा होती. आज मी मोजतेय तर चार.

...

हो, चारच. दोनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजणार होते, तेवढ्यात तुझा फोन आला.

...बरोबर. गेटवर आहेत. ते मला कळलं, मी गेटातूनच आत आले. आधी वाटलं, वा, ललितनं मंडपाचं काम छान केलंय. कमानीला आठ खांब, दोन्ही बाजूंना चार-चार, वर झेंडूच्या माळा. मग एका खांबावर पाटी दिसली. "तृप्ती, अकरावी कृषी, झाड क्रमांक सात." खाली तिच्याच अक्षरात, "कृपया हात लावू नये."

...हो. पाटीसकट लावलंय. ललितनं त्या पाटीवरनंच माळ ओढून घेतलीय, "कृपया" तेवढं झाकलं गेलंय.

नाही, मी रागावले नाही. मी विचारून राहिले.

...

हाव, मजुरांची चूक. ऐकलं. ललितची माणसं रात्री आली, त्यांना कोणी सांगितलं नाही, त्यांनी समोर दिसली ती कापली. बरोबर? ...असंच झालं असणार, म्हणतेस तू.

बरं. मग मला हे समजाव. बारा झाडं होती. त्यातली आठ निसवलेली, केळफूल नुकतं बाहेर डोकावलेलं. चार अजून कोरी, ती मागनं लावली होती. कापली कुठली? आठच्या आठ निसवलेली. कोरीला कोणी बोटसुद्धा लावलं नाही. ललितला गं, केळ आणि कर्दळ यातला फरक कळत नाही. त्याच्या माणसांना अंधारात बरोबर निसवलेलीच कशी सापडली?

...

हं, सांग.

...फळ लागलेलं झाड दारात शुभ दिसतं. हो, दिसतं. लग्नात आपण तेच लावतो. पण ते फूल पानाआड असतं, बघणाऱ्याला माहीत असावं लागतं. शेवटचं पान लहान येतं, ताठ उभं राहतं, त्याच्या मागे बघायचं. हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं, शोभा. बुधवारा बाजारात साड्या विकणाऱ्या बाईला तर नाहीच नाही. तिला कोणीतरी शिकवावं लागतं.

मी शिकवलं. मागच्या शनिवारी. तुझा हात धरून, एकेका झाडापाशी नेऊन.

...

रडू नको. आत्ता नको. डोळे सुजले तर फोटो खराब येतील.

...नाही, टोमणा नाही. फोटोवाला खरंच येणार आहे ना?

अगं, मला एकच कळत नाही. माझ्याकडे निंबोल्यात पाच हजार झाडं उभी आहेत. खांब पाहिजे होते तर एक फोन करायचा. वीस पाठवले असते. ट्रॅक्टरनं, माळा बांधून... काय? ...काय म्हणालीस?

"तुला विचारलं असतं तर तासभर भाषण दिलं असतंस."

असं ठरलं होतं का? कोणाकोणात? ...तू आणि ललित. बरं. आणि अरविंद सरांना? ...त्यांनाही सांगितलं नाही. मतलब ज्या दोन माणसांना झाडांचं पडलं होतं, ती दोन सोडून सगळ्यांना विचारलं.

...

भाषण दिलंच असतं, हो. मी म्हटलं असतं, शोभा, आपण माजी विद्यार्थ्यांचं मंडळ कशासाठी काढलं? इच्छापूरच्या देवीच्या पायऱ्यांवर दम लागून बसलो होतो आपण. तू म्हणालीस, कोकिळे, आपल्या शाळेत शेती हा विषय आहे आणि पोरं वहीत नांगराचं चित्र काढतात. आपण जुनी मुलं कशाला आहोत? हे तुझं वाक्य. मी नाही, तू. मी तर म्हणाले होते, आधी पाणी पी.

...हो, आणि तू उभं केलंस. नाकारत कुठे मी? ग्रुपवर एकशे त्रेचाळीस जण तू जमवलेस. शनिवारी शिकवायला आम्ही तिघं-चौघं यायचो, बाकीचे अंगठा पाठवायचे. पण तू येत होतीस. माती लागायची म्हणून जुनी चप्पल दुकानातून वेगळी आणायचीस. तेच तर म्हणतेय मी. ललितनं एकट्यानं केलं असतं तर मी त्याला दोन शिव्या दिल्या असत्या आणि त्याच्याच गाडीवर बसून घरी गेले असते.

...

पुन्हा फुटेल, हो. बुंध्याशी पील आहे, नवा कोंब, ते वाढेल. केळ चांगली असते त्या बाबतीत, मनात ठेवत नाही. दहा महिन्यांनी परत निसवेल. प्रॅक्टिकल मंगळवारी आहे.

...मंगळवारी, शोभा. परवा. बाहेरनं परीक्षक येणार. प्रत्येक पोराला आपल्या झाडापाशी उभं करून विचारणार. उंची किती, पानं किती, कधी निसवलं. जुलैपासून दर आठवड्याला मोजलंय पोरांनी. चौघांना झाड आहे. आठ जणांनी कुठे उभं राहायचं, गेटवर?

...

काय आणू? ...माझ्या शेतातनं आठ झाडं कापून आणायची आणि इथं बांबू लावून उभी करायची. परीक्षक लांबूनच बघतात. असं कोण म्हणतं, ललित? ...तू म्हणतेस.

शोभा, केळ म्हणजे मंडपाचा खांब नाही गं. दुपारपर्यंत पानं लोळतात. आणि परीक्षकानं विचारलं तर तृप्तीनं काय सांगायचं, हे झाड सोमवारी सकाळी एकदम सात फुटांचं उगवलं?

...मग?

...

परत बोल. नीट ऐकू नाही आलं.

वारं.

वारं आलं, म्हणायचं. हो, आपल्याकडे येतं. वाऱ्यात केळी झोपतात, परीक्षकालाही माहीत आहे, तो प्रश्न विचारणार नाही, सरासरी गुण देईल. चांगली युक्ती आहे. म्हणजे वारं आलं, बारातली आठ निवडली, जमिनीपासून वीतभर सोडून कोयत्यानं तोडावीत तशी सरळ कापली, आणि उचलून कमानीला नेऊन बांधली.

...बुंधे उपटून टाकता येतील. ललित माणसं पाठवतोय. अच्छा. म्हणजे पीलही गेलं.

आणि पोरांना हे कोणी सांगायचं? ...मी. का? ...माझ्यावर विश्वास आहे म्हणून. हो, आहे. तो मी आठ महिन्यांत एकेका शनिवारी मिळवलाय गं. तो तुला आज अकरा वाजेपर्यंत उसना पाहिजे.

...

तुझी इज्जत. हो, कळतं मला. कार्डावर तुझं नाव आहे अध्यक्ष म्हणून, पाहुणे भोपाळहून निघालेत, बुधवारा अख्खा येणार आहे. तुझ्या जागी मी असते तर मलाही घाम फुटला असता. पण मी तुझ्या जागी असते तर पहाटेच तुला फोन केला असता. म्हटलं असतं, कोकिळे, माझ्या हातून घाण झाली. बस. एवढंच. मग मी आणि तू मिळून काहीतरी केलं असतं. तू मला नाश्त्यात पोहे ठेवायचे की कचोरी हे विचारायला फोन केलास.

...

नाही. थांब. मी काय करतेय ते ऐक, म्हणजे नंतर पाठीमागे केलं असं नको. पोरांच्या मापांचं रजिस्टर इथं शेडमध्ये आहे, ते मी हातात घेतलंय. आठ पानांवर आज तारीख टाकतेय. "झाड नष्ट." पुढे कारणाचा रकाना आहे. अरविंद सरांनी कारणं छापूनच घेतलीत, खूण करायची फक्त. रोग. वारा. जनावर. पाणी.

...वाऱ्यावर करू? नाही गं. जनावरावर केलं तर खऱ्याच्या जवळ जाईल, पण तेही बिचाऱ्या जनावरांवर अन्याय.

पाचवं कारण हातानं लिहितेय. "माजी विद्यार्थी मंडळ. स्वागतासाठी."

...

हो, परीक्षक वाचतील. वाचायलाच लिहितात. त्यांना मी मंगळवारी स्वतः सांगेन, पोरांची मापं खरी आहेत, बुंधे मोजून बघा, पील बघा. बुंध्यांपाशी आता मी बसतेय, ललितच्या माणसांना सांग... नाही, कार्यक्रमाला नाही येणार. माझ्या सत्काराची ती शाल दुसऱ्या कोणाला दे.

तुझं नाव? ...नाही लिहिलं तुझं नाव. रकाना लहान आहे.

खाली सही लागते मात्र, मंडळातर्फे कोणाची तरी. ...नाही, तुझी नको. माझी करतेय. मंडळात मीही आहे ना. गेट उघडून तुम्हाला पोरांच्या केळीत मीच आणलं.

...

शोभा, फोन ठेवते. पोरं आली स्वागतगीताला. तृप्ती सगळ्यांत पुढे आहे... नाही, अजून कळलं नाही तिला. कमानीपाशी थांबलीय. माळ बाजूला करून पाटी वाचतेय.