त्यांनीच कट केला

मिलवॉकीतल्या केबल कंपनीच्या कार्यालयात लोर्ना नंबरची चिठ्ठी धरून बसली होती. पुढे खिडकीशी एक आजोबा आतल्या मुलीशी वाद घालत होते.

"वडिलांच्या अकॉर्डियनची जुनी गाणी आहेत, पोरी. डुलुथच्या भावाला इंटरनेटवरून देतोय. दर वेळी अर्ध्यावर तुटतात."

"फाइल-शेअरिंग आम्ही अडवत नाही, सर. गर्दी होऊ नये म्हणून थोडं आवरतो."

"आवरता? तुमचं मशीन माझ्या कॉम्प्युटरला सांगतं, भावाने कट केलं. आणि त्याच्या कॉम्प्युटरला सांगतं, मी कट केलं!"

"असं कोण म्हणतं?"

"माझ्या नातीने शोधून काढलं. तोवर आम्ही दोघे म्हातारे महिनाभर अबोला धरून बसलो होतो!"

"करारात आहे, सर. पान एकतीस."

"काय आहे? आमच्या नावाने खोटं बोलाल म्हणून?"

"'वाजवी व्यवस्थापन' आहे."

"आमच्यात त्याला कळ लावणं म्हणतात. हा घे फोन, माझा भाऊ रूडी लाइनवरच आहे. त्यालाच सांग तुझं व्यवस्थापन."

मुलीने फोन कानाला लावला. पलीकडचा आरडाओरडा लोर्नालाही ऐकू आला. मग मुलीचा हात खिडकीखाली गेला आणि घडीचा फोन खट्कन मिटल्याचा आवाज झाला.

"त्यांनीच कट केला, सर."

"केला असेल! पहिल्यापासून तापटच आहे मेला."

फोन आजोबांच्या हातात येतो न येतो तोच वाजला. पलीकडून रूडी ओरडला,

"एमिल! कट का केलास रे?"